निफाडला थंडी पडते म्हणून पृथ्वी तापत नाही?

"निफाडला पारा घसरला, शेकोट्या पेटल्या. कुठंय ग्लोबल वॉर्मिंग? पृथ्वी तापत असेल तर सगळीकडे सारखीच तापायला हवी. दुष्काळ 1972 सालीही होताच. द्राक्षबागेवर प्लास्टिक टाकायला लावणं हा कंपन्यांचा धंदा." हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. काल तो बागाईतदार असलेल्या माझ्या मामांनीच पाठवला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

यातलं सगळ्यात अजब म्हणजे ते 'सारखीच'. का म्हणून? जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. 1850–1900 च्या तुलनेत 2011–2020 या दशकात जमिनीवरचं तापमान सुमारे 1.6 अंशांनी वाढलं, समुद्रावरचं 0.9 अंशांनी. आर्क्टिकमध्ये बर्फ वितळलं की खालचं गडद पाणी ऊन शोषतं, म्हणून तिकडे वाढ कितीतरी वेगाने होते. उलट ग्रीनलंडच्या दक्षिणेला अटलांटिकचा एक पट्टा शतकभरात थोडा थंडच झालाय!

एवढं लांब जायचं नसेल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला केंद्र सरकारचा 2020 चा अहवाल उघडा. 1901 ते 2018 या काळात भारत सुमारे 0.7 अंशांनी तापला, जगाच्या सरासरीपेक्षा कमी. घ्या, एवढं अर्धसत्य तुमचं. पण त्यामागे हवेतल्या धूर-धुळीने अडवलेलं ऊनही आहे. प्रदूषणाची मेहेरबानी म्हणायची.

पावसाचं तर आणखी वेगळं. तोच अहवाल सांगतो की 1951 ते 2015 मध्ये जून-सप्टेंबरचा पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात आणि पश्चिम घाटात. त्याच सुमारास मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरच्या वर कोसळण्याचे प्रसंग सुमारे 75 टक्क्यांनी वाढले. हिंदी महासागर तापला की जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी होतो, मान्सूनचा जोर ओसरतो. पण गरम हवेत बाष्प जास्त मावतं, अंशामागे साधारण 7 टक्के. मग पडतो तेव्हा धो-धो.

1972 चा दुष्काळ खराच. हवामान आधीही लहरी होतं, याने आजची वाढ खोटी कशी ठरते? आणि निफाडची थंडी चार दिवसांची. हवामान तीस-तीस वर्षांच्या सरासरीवर मोजतात.

राहिला बागेला पावसापासून झाकणाऱ्या प्लास्टिकचा मुद्दा. मामा, ते महाग आहे, कंपन्या नफा कमावतात, मान्य. परवडत नसेल तर नका टाकू. पण हिशेब मांडताना डिसेंबरचा पारा बघू नका; छाटणीनंतरच्या अवकाळीत डावणी या बुरशीरोगाने किती घड गेले आणि काढणीच्या तोंडावर किती मणी तडकले, ते धरा.