ताई, प्लाझ्माच्या पिशवीबद्दल तुम्हाला उत्तर

नमस्कार ताई,

प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) घेताना होणाऱ्या संसर्गाबद्दल मी लिहिलेलं वाचून, 'आता प्रत्येक पिशवी तपासलेली असते, धोका शून्य आहे. जुन्या गोष्टी उकरून पेशंटना कशाला घाबरवता?' असं तुम्ही विचारलंत. रक्तपेढीत इतकी वर्षं काम करताय, तुमचा राग समजतो. 'प्रत्येक पिशवी म्हणजे जुगार' हे माझं वाक्य चुकलंच. काढून टाकलंय. ते वाचून रक्त वाहत असताना कोणी प्लाझ्मा नाकारला असता, तर मला झोप लागली नसती.

पण 'जुनं' म्हणता ते पटत नाही. माझ्या भावाला फॅक्टर ५ ची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाची, कमतरता आहे. हिमोफिलियाच्या पेशंटना फॅक्टर ८ किंवा ९ चं इंजेक्शन असतं; ते विषाणू मारून तयार केलेलं असतं, नाहीतर मुळात रक्तापासून बनवलेलंच नसतं. फॅक्टर ५ चं असं इंजेक्शनच नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात घोळणा फुटला आणि थांबेना, की एफएफपी, म्हणजे दात्याच्या रक्तातला गोठवून ठेवलेला प्लाझ्मा. दाढ काढायची, तरी एफएफपी. प्रत्येक पिशवीमागे वेगळा दाता. भारतात रक्ताची एचआयव्ही तपासणी १९८९ मध्ये सक्तीची झाली, हिपॅटायटिस सी (लिव्हर बिघडवणारा विषाणू) ची २००१ मध्ये. मधल्या काळात त्याला लागलेल्या ३६ पिशव्या आईच्या वहीत आहेत. पुढे तिनं लिहिणं सोडलं.

त्याला हिपॅटायटिस सी कुठल्या पिशवीतून आलं, ते कळणार नाही आणि मला त्या दात्याला दोषही द्यायचा नाही. माझं दुःख नंतरच्या १८ वर्षांचं आहे. तो दवाखान्यांत जातच होता. 'सी ची तपासणी केली का?' हे एकानंही विचारलं नाही. २०१९ मध्ये दाढ काढण्याआधी सापडलं, तोवर लिव्हर सिरॉसिसला पोचलं होतं, म्हणजे कडक होऊन कायमचं खराब झालं होतं. सरकारी कार्यक्रमातून १२ आठवडे गोळ्या फुकट मिळाल्या, विषाणू गेला. सिरॉसिस राहिला. दर सहा महिन्यांनी धंतोलीत सोनोग्राफीला मीच नेतो, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत आम्ही दोघंही बोलत नाही.

आणि धोका शून्य नाही, ताई. फार कमी आहे. दात्याला नुकतीच लागण झाली असेल तर अँटिबॉडीच्या तपासणीत ती दिसत नाही. एनएटीमुळे, म्हणजे थेट विषाणूचाच शोध घेणाऱ्या तपासणीमुळे, हा काळ बराच कमी होतो, पण ती सगळ्या रक्तपेढ्यांत होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

तुमच्या खिडकीशी अशा पेशंटचे नातेवाईक रोज येत असतील. २००१ च्या आधी रक्त किंवा प्लाझ्मा घेतला होता का, सी ची तपासणी झाली का, हिपॅटायटिस बी ची लस घेतली का, एवढं त्यांना विचाराल? लस स्नायूत नको, कातडीखाली द्यायला सांगा, म्हणजे स्नायूत रक्तस्राव होण्याचा धोका कमी होईल.