हक्क फक्त मागण्याचा? रेडिंगकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

रेडिंगकर,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ब्रिटनमध्ये सोयीच्या वेळा किंवा घरून काम मागण्याचा हक्क म्हणजे नुसता अर्ज करण्याचा हक्क. ऑफिस कायद्यात छापलेल्या आठ कारणांपैकी एक पुढे करतं आणि विषय संपतो. तेव्हा तिथे व्हिसावर नोकरी करणाऱ्या मुलांना असे अर्ज करायला उगाच चढवू नका.

अर्धं पटतं. जादा खर्च, कामाची फेरवाटणी अशक्य, दर्जा घसरेल, अशा आठांतलं एक कारण लागू पडलं की नकार कायद्यात बसतो. ऑफिसने नियम मोडला तरी भरपाई फार तर आठ आठवड्यांच्या पगाराची, आणि त्या पगारावरही कायद्याची कमाल मर्यादा. फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या वित्तीय नियामक संस्थेतल्या एका मॅनेजर बाईंनी पूर्णवेळ घरून काम मागितलं होतं. ट्रायब्युनलने, म्हणजे नोकरीविषयक तंट्यांच्या न्यायाधिकरणाने, नकार योग्य ठरवला, फक्त उत्तर उशिरा दिलं म्हणून ६४३ पौंड मिळाले. तेवढ्यात लंडनचं महिन्याचं भाडंही निघत नाही.

पण 'विषय संपतो' हे नाही पटत. एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवशीच अर्ज करता येतो (आधी २६ आठवडे थांबावं लागे), निकाल अपिलासकट दोन महिन्यांत द्यावा लागतो आणि नाही म्हणण्याआधी तुमच्याशी बोलावंच लागतं. 'कंपनीची पॉलिसी आहे' हे त्या आठांत नाही. मॅनेजरला शांतपणे विचारायचं, यातलं कुठलं कारण ते लेखी द्या. चुकीच्या माहितीवर बेतलेला नकार टिकत नाही.

आणि खरी ताकद दुसऱ्याच कायद्यात आहे, भेदभावाला बंदी करणाऱ्या २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये. लंडनच्या एका इस्टेट एजन्सीतल्या बाईंनी बाळंतपणानंतर चार दिवसांचा आठवडा आणि सहाऐवजी पाचला सुटी मागितली, कारण पाळणाघर बंद व्हायचं. नकार मिळाला. २०२१ मध्ये ट्रायब्युनलने तो अप्रत्यक्ष लिंगभेद (नियम सगळ्यांना सारखाच, पण फटका बायकांना जास्त) ठरवला आणि जवळपास १ लाख ८५ हजार पौंड द्यायला लावले. आठ आठवड्यांची मर्यादा इथे नाही.

व्हिसाबद्दल तुमची काळजी रास्त आहे, म्हणून नेमकं सांगते. स्किल्ड वर्कर या नोकरीच्या व्हिसावर तास कमी करून पगार घटवणं धोक्याचं, कारण वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगाराची सर्वसाधारण मर्यादा अर्धवेळ कामाच्या प्रमाणात खाली येत नाही. पूर्णपणे घरून काम करायचं तर स्पॉन्सरला, म्हणजे व्हिसा पुरस्कृत करणाऱ्या कंपनीला, तसं होम ऑफिसला (ब्रिटनच्या गृहखात्याला) कळवावं लागतं. पण तेवढेच तास सात ते तीन केले तर पगाराला धक्का लागत नाही. अर्ज केला म्हणून कामावरून काढणं पहिल्या दिवसापासून बेकायदा आहे. कंपनी दुसरं निमित्त शोधेल, ही भीती उरतेच. त्यासाठीच अर्ज चहाच्या मशीनपाशी तोंडी न करता ईमेलने करावा: तारीख घालून, कायद्याखालचा अर्ज आहे असं स्पष्ट लिहून, बदल कोणता आणि कधीपासून हवा, आधी कधी अर्ज केला होता का, हेही त्यातच. तोंडी मागणी या कायद्याखाली अर्ज धरली जात नाही.