गॅपमधले अध्यक्ष

भजनी मंडळाच्या सीडीत अडचण एकच असते, अध्यक्ष. गायचं बुवांनी, ठेका धरायचा तबलजींनी, टाळ कुटायचे उरलेल्यांनी आणि पैसे जमवायचे अध्यक्षांनी. मग सीडीवर त्यांचाच आवाज नाही, हे कसं चालायचं?

सीडीचा जमाना होता तेव्हा सोलापुरात, पूर्व भागात, माझी रेकॉर्डिंगची खोली होती. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना चादरी लावलेल्या. (सोलापुरात राहून या कामाला फोम आणणं म्हणजे गावाशी बेइमानीच.) खाली यंत्रमाग. माग चालू असताना कुठलाही अभंग आपोआप द्रुत लयीत जायचा. त्यामुळे खरं रेकॉर्डिंग लोडशेडिंगमध्ये. वीज गेली की माग गप्प, पंखा गप्प, आणि यूपीएस जेवढा दम धरेल तेवढ्यात बुवांनी पांडुरंगाला आळवून घ्यायचं. मे महिन्यात बंद खोलीत हे करताना बुवांच्या आवाजात जी आर्तता यायची, ती भक्तीची होती असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आठ अभंग झाले. मग अध्यक्ष कागद घेऊन आले.

"मालक, चार शब्द बोलायचेत. मधोमध टाका. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये."

चार शब्द ३ मिनिटं ४० सेकंद चालले. त्यात मंडळाची स्थापना, देणगीदार, स्वर्गवासी देणगीदार आणि अध्यक्षांचा स्वतःचा साधेपणा हे सगळं आलं. संध्याकाळी बुवा एकटेच वर आले आणि दार लावून म्हणाले, "हे भाषण सीडीवर असेल तर माझं नाव काढा."

दोघांचं मन राखायला देवळातला पंच जे करतो ते मी केलं, नियमाचं पुस्तक काढलं. ऑडिओ सीडीचे नियम फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवले, त्यांना रेड बुक म्हणतात. त्यात प्रत्येक ट्रॅकला दोन खुणा करता येतात. इंडेक्स ०० म्हणजे गाण्याआधीची गॅप सुरू झाली, इंडेक्स ०१ म्हणजे गाणं सुरू झालं. पुढचं बटण दाबलं की प्लेयर थेट ०१ वर उडी मारतो. शफल लावलं तरी तेच. त्या दोन खुणांच्या मध्ये जे आहे, ते आधीचं गाणं पूर्ण ऐकून तसंच पुढे येणाऱ्यालाच ऐकू येतं. आणि त्या गॅपमध्ये शांतताच हवी असं नियमात कुठेही नाही.

अध्यक्षांना सांगितलं, "साहेब, जो अभंग मनापासून शेवटपर्यंत ऐकेल, त्यालाच तुमचं भाषण मिळेल." अध्यक्ष भारावले. बुवांना सांगितलं, "बटण दाबलं की भाषण गायब. यादीतही नंबर नाही." बुवाही भारावले. असा तह सोलापुरात क्वचितच होतो.

खजिनदारांनी मात्र मध्येच सुचवलं, "पहिल्या अभंगाच्याही आधी ठेवा की, मान राहील." तसंही करता येतं. पण मग सीडी लावून, पहिलं गाणं सुरू झाल्यावर, मागे न्यायचं बटण दाबून धरावं लागतं, तेव्हा कुठे शून्याच्या अलीकडे जाता येतं. कित्येक प्लेयर तर तिकडे जातच नाहीत. हे ऐकून बुवा एकदम म्हणाले, "वा, तिथंच ठेवा!" बुवांचा एवढा उत्साह बघूनच अध्यक्षांनी मधली जागा पक्की केली.

आता काम. नोटपॅडमध्ये क्यू शीट लिहायची, म्हणजे कुठला ट्रॅक कितव्या मिनिटाला सुरू होतो याची यादी. पाचव्या ट्रॅकखाली इंडेक्स ०० ला २४:१०:०० आणि इंडेक्स ०१ ला २७:५०:००. पहिले दोन आकडे मिनिटं-सेकंद, तिसरा फ्रेम. सीडीवर एका सेकंदाचे ७५ फ्रेम असतात, म्हणून तिथे ७४ च्या पुढे लिहिलं तर सॉफ्टवेअर तोंड फिरवतं. शिवाय त्याच जागी इंडेक्स ०० ऐवजी 'प्रीगॅप' असा शब्द लिहिला, तर सीडीवर तेवढा वेळ कोरी शांतता येते. हे मी स्वतःशीच पुटपुटलो, ते पाठीमागे चहा पीत बसलेल्या बुवांनी नेमकं ऐकलं.

"शब्द बदलला तर भाषण जातं?"

"शांतता येते."

"मग नजरचूक होऊ शकते की ओ माणसाची."

मी नजर चुकू दिली नाही. पैसे अध्यक्षांकडून यायचे होते.

सीडी राइट करतानाही एक पथ्य आहे. सगळी डिस्क एका दमात, डिस्क-ॲट-वन्स पद्धतीनं लिहावी लागते. एकेक ट्रॅक सुटा लिहायला घेतला तर दोन ट्रॅकच्या मध्ये २ सेकंदांची कोरी जागा यंत्र आपल्या मनानं सोडतं आणि अध्यक्षांची व्यवस्था बोंबलते. एका दमात म्हणजे मध्ये वीज जाता कामा नये. ज्या लोडशेडिंगच्या जिवावर रेकॉर्डिंग उरकलं, तेच आता बर्निंगच्या मुळावर आलं. तबक कोरं घालायचं आणि चहाच्या बशीएवढं चकचकीत काहीतरी बाहेर काढून खिडकीला लटकवायचं, पाखरं हाकलायला.

आषाढीच्या आधी प्रकाशन झालं. हॉलमध्ये प्लेयर मोठा होता आणि त्याचे हिरवे आकडे पहिल्या तीन रांगांना दिसत होते. चौथा अभंग संपला, भाषण सुरू झालं आणि आकड्यांवर उमटलं वजा ३:४०. मग ३:३९. गॅपमध्ये बरेच प्लेयर असेच उलटे मोजतात, पुढचं गाणं किती लांब आहे ते दाखवत. भाषण संपायला नेमका किती वेळ उरलाय हे श्रोत्यांना आधीच कळण्याची सोय मी तोवर कुठल्याही सभागृहात पाहिली नव्हती. लोक शांत बसले. स्वर्गवासी देणगीदारांपर्यंत वजा १:५० झालं होतं. शेवटचे दहा सेकंद मागच्या रांगेतली पोरं मोठ्यानं मोजत होती, आणि शून्याला अशी टाळी पडली की अध्यक्षांनी उभं राहून नमस्कार केला.

"ते वजा कशाला दाखवतंय ओ?" त्यांनी मला नंतर बाजूला घेऊन विचारलं. मी म्हणालो, "तुमचं योगदान बिनहिशेबी आहे, साहेब." ते पटलं.

पुढं लोकांनी सीडीवरून गाणी कॉम्प्युटरवर उतरवली, तिथून पेनड्राइव्हवर, तिथून रिक्षात. उतरवणारी सॉफ्टवेअरं बहुतेक गॅपचा आवाज आधीच्या गाण्याच्या शेपटीला चिकटवतात. म्हणजे चौथा अभंग जिथे जिथे पोचला, तिथे तिथे अध्यक्ष पोचले. विजापूर वेशीत रसवंतीच्या भोंग्यावर मी त्यांचा साधेपणा ऐकलाय. चौथा अभंग बुवांचा सगळ्यात गाजलेला होता, हे सांगायला नको. बुवा वर्षभर माझ्या खोलीची पायरी चढले नाहीत.

अध्यक्ष चढले. दुसऱ्या सीडीची सुपारी घेऊनच.

"मालक, विचार केला. गॅपमधलं सगळीकडं पोचतं, पण त्याला नंबर नाही. या वेळी उलटं करू. माझी भाषणं ट्रॅकमध्ये घ्या, अभंग गॅपमध्ये टाका."

मी रेड बुकाचे नियम पुन्हा चाळले. आडवं येईल असं काही सापडेना. ट्रॅक किमान ४ सेकंदांचा हवा एवढीच अट होती, आणि ती अध्यक्ष मोडतील अशी धास्ती कुणालाच नव्हती.