आचार्यास मीठ

“तू नक्की कशावर पीएचडी करतेस गं?” हा प्रश्न काकू दर दिवाळीला नव्या उमेदीने विचारतात. गेली चार वर्षं मी तो चिवड्यावर ढकलत आले. यंदा खरं सांगून टाकलं. एका अक्षरावर. तेही न दिसणाऱ्या.

‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे मराठीत दोन वेगळे शब्द. पहिला शिकवतो, दुसरा जेवू घालतो. एकाच्या डोक्यावर रफार, दुसऱ्यात पापणीसारखा आडवा पडलेला अर्धा र. हा पापणीवाला र संगणकात लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत खाली टिंब असलेला ऱ वापरतात. दुसरीत साध्या पाय मोडलेल्या र नंतर एक अदृश्य चिन्ह बसवतात. नाव झीरो विड्थ जॉइनर, युनिकोडमधला पत्ता २००डी, रुंदी शून्य. मजकूर साफ करणारे काही प्रोग्राम त्याला कचरा समजून झाडून टाकतात आणि आचारी बिनबोभाट आचार्य होतो. व्हॉट्सॅपवरच्या आई-बाबा-मुलं इमोजीतली माणसंही याच चिन्हाने एकमेकांना बांधलेली असतात, हेही मी सांगितलं. काकूंनी स्वयंपाकघरातल्या धाकट्या जावेकडे एक कटाक्ष टाकला आणि म्हणाल्या, “मग आमच्याकडे एक आणून दे की.”

तर या शून्य रुंदीच्या चिन्हावरचा माझा पेपर हैदराबादच्या एका परिषदेत घेतला गेला. तीन परीक्षक होते. पहिल्याला आवडला. तिसऱ्याने बहुधा शीर्षकच वाचलं. दुसऱ्याने (हा दुसराच नेहमी वाईट निघतो, कुठल्याही पीएचडीवाल्याला विचारा) लिहिलं होतं, “हीच पद्धत इंग्रजीवर का तपासली नाही?” इंग्रजीत आचारी कुठून आणू, असं मला लिहायचं होतं. मी लिहिलं, “मौलिक सूचनेबद्दल आभारी आहोत.”

चार वर्षांचं काम सांगायला १२ मिनिटं, वर प्रश्नांना ३. माझ्या स्लाइड ४१. सरांनी फोनवर सांगितलं, “बारा मिनिटांना बारा.” रात्रभर कापून मी १९ वर आणल्या. खोलीतल्या आरशासमोर म्हणून पाहिलं तर १७ मिनिटं लागली. जरा भरभर म्हटलं, तर १८ लागली. कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

माझा नंबर दुपारी दोनला, बिर्याणीनंतर. सभागृहातले निम्मे श्रोते जागे होते आणि त्यातले बरेचसे माझ्यासारखेच आपल्या नंबराची वाट बघत ओठ हलवत बसले होते. स्वतःचा लॅपटॉप लावायचा नाही, स्लाइड आदल्या दिवशी द्यायच्या, अशी सूचना होती. त्या सगळ्यांच्या स्लाइड कुणीतरी मायेने एका साच्यात ओतून सामायिक लॅपटॉपवर ठेवल्या होत्या. केबल लागेपर्यंत माझी दोन मिनिटं गेली. पडद्यावर आधी कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचे फोटो आले, मग निळा रंग, मग मी.

चौथी स्लाइड हे माझं हुकमाचं पान. दोन वाक्यं, खाली इंग्रजी अर्थ. “आचार्यास वाकून नमस्कार केला.” “आचाऱ्यास मीठ कमी टाकायला सांगितलं.” मी रुबाबात पडद्याकडे हात केला, “या दोन शब्दांतला फरक बघा,” म्हणाले आणि वळून पाहिलं.

फरक नव्हता. त्या साच्याने माझं अदृश्य चिन्ह झाडून टाकलं होतं. दोन्हीकडे आचार्य. एकाला नमस्कार, दुसऱ्याला मिठाची ताकीद.

खरं तर यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक मला जन्मात जमलं नसतं. “बघा, हाच तो घोळ!” एवढं म्हटलं असतं तरी टाळ्या पडल्या असत्या. पण हे सुचलं परतीच्या गाडीत, सोलापूर गेल्यावर. तिथे मी नुसती “म्हणजे... ते तिथे आहे, पण दिसत नाहीये” असं म्हणत राहिले. अध्यक्षांनी ‘२ मिनिटं’ची पाटी वर केली. पुढच्या दहा स्लाइड मी पत्त्यांसारख्या पिसल्या.

मग प्रश्न. पहिले गृहस्थ उठले, “प्रश्न नाही, टिप्पणी आहे,” म्हणाले आणि आपल्याच संशोधनाबद्दल दोन मिनिटं बोलले. दुसऱ्या मुलाने विचारलं, “एलएलएमने करून पाहिलंत का?” एलएलएम म्हणजे चॅटजीपीटीच्या जातीचे प्रोग्राम. हा प्रश्न हल्ली सगळ्यांना विचारतात, पाणी कुठे मिळेल विचारलं तरी विचारतील. शेवटी मागच्या रांगेतल्या एक वयस्क बाई उठल्या. मराठी येत नव्हतं, पण पडदा त्यांनी मन लावून पाहिला होता. “दोन्ही शब्द तर एकच दिसतात. मग एकदा शिक्षक आणि एकदा स्वयंपाकी, हा अर्थ तुम्ही कशावरून लावता?”

“मिठावरून,” मी म्हणाले.

सगळं सभागृह हसलं. मी विनोद केला नव्हता.

बाहेर येऊन फोन उघडला. सर पुण्याहून ऑनलाइन बघत होते, हे मी विसरलेच होते. त्यांचा निरोप येऊन पडला होता : “ठीक झालं. पुढच्या वेळी पीडीएफ दे. आणि मीठ किती टाकायचं, तेवढं कळव.”