सर्व्हेचे पैसे तासाला किती पडतात?

वाद सुरू झाला तो गोट्याच्या एका वाक्यावरून. "घरबसल्या सर्व्हे भरायचे, महिन्याला पाच हजार आरामात सुटतात." कट्ट्यावर नाना होता, मार्केट रिसर्चच्या फील्डवर्कमधला माणूस. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "कुठल्या हिशेबानं? मांड बघू."

गोट्याचा हिशेब सरळ होता. पंधरा मिनिटांचा सर्व्हे, 40 रुपये. तासाला चार, म्हणजे 160.

"आणि बाद होण्यातला वेळ?" नानानं विचारलं.

खरी गोम इथेच आहे. सर्व्हेच्या सुरुवातीला चाळणीचे प्रश्न असतात. वय, शहर, घरात कुणी जाहिरात किंवा मार्केट रिसर्चमध्ये आहे का, अमुक वस्तू अलीकडे घेतली का. कंपनीला समजा नुकतंच वॉशिंग मशीन घेतलेली 300 माणसं हवीत. तुम्ही त्यात नसाल तर बाहेर. असाल, पण तुमच्या वयोगटाचा कोटा भरलेला असेल, तरी बाहेर. म्हणून मेल आल्या आल्या सर्व्हे उघडणाऱ्याचा लाग जास्त लागतो. आता चार ठिकाणी पाच-पाच मिनिटं देऊन बाद झालात आणि पाचवा पंधराचा सर्व्हे वीस मिनिटं चालला, तर 40 रुपयांना 40 मिनिटं गेली. तासाला 60 रुपये. आणि तेही सर्व्हे येत राहिले तर. ते मागणीप्रमाणे येतात, आपल्या सवडीप्रमाणे नाही.

"मग प्रोफाइल फुगवायचं," बंटी म्हणाला. "गाडी आहे, दोन एसी आहेत, असं ठोकून द्यायचं."

यावर मात्र नाना चांगलाच तापला, आणि माझ्या मते त्याचंच बरोबर होतं. आपल्याकडे घराचा वर्ग बरेचदा एनसीसीएस पद्धतीनं ठरवतात : मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ठरलेल्या 11 वस्तूंपैकी घरात किती आहेत. आज आठ सांगायच्या, महिन्याभरानं पाच, तर पॅनेलकडे, म्हणजे सर्व्हे पाठवणाऱ्या संस्थेकडे, दोन्ही उत्तरं असतातच. ब्रँडच्या यादीत कधी अस्तित्वात नसलेलं एखादं नाव घुसवलेलं असतं. ते 'वापरतो' म्हटलं की पकडले गेलात. मधेच 'इथे पूर्ण असहमत निवडा' असा प्रश्न येतो. तक्त्यात सगळीकडे एकाच रकान्यात टिक, मोकळ्या प्रश्नाला नुसतं 'छान', किंवा इतरांना लागलेल्या वेळाच्या तिसऱ्या हिश्शात सर्व्हे उरकलेला, हे सगळं छाननीत उडतं. ही छाननी नंतर होते, म्हणून जमा झालेले पॉइंटही (पुढे ज्यांचे पैसे होतात ते) मागे घेतले जातात. एकाच वायफायवरून दोन खाती किंवा व्हीपीएन (आपलं ठिकाण लपवणारं साधन) दिसलं, तर ऐन पैसे काढायच्या वेळी खातं बंद पडू शकतं. सर्व्हे चालू असताना ब्राउझरचं बॅक बटणही दाबू नये. दुवा तुटला की काम पूर्ण होऊनही पॉइंट येत नाहीत.

तात्याचं म्हणणं वेगळंच. "हे सगळे फसवेच असतात. ते स्पीक एशिया आठवतं ना?"

आठवायलाच हवं. सिंगापूरची म्हणवणारी ती कंपनी 11,000 रुपये भरून घ्यायची, सर्व्हेचे पैसे द्यायची आणि नवे सभासद आणायला लावायची. 2011 मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेलं, तोवर सभासद 20 लाखांच्या वर होते. पण तात्यानं सगळ्यांना एकाच माळेत ओवलं, ते मला पटलं नाही. खऱ्या पॅनेलला पैसे ब्रँडकडून येतात, त्यामुळे नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. आता टेलिग्रामवर तोच डाव 'टास्क' म्हणून चालतो : आधी दीडशे रुपये देतात, मग मोठ्या टास्कसाठी भरायला सांगतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कुणी फसलाच, तर पहिल्या तासातच 1930 ला फोन करावा.

शेवटी भांडण 'पैसे' कशाला म्हणायचं यावर आलं. गुगलचं सर्व्हे अ‍ॅप, गुगल ओपिनियन रिवॉर्ड्स, आपल्याकडे अँड्रॉइडवर प्ले क्रेडिट देतं, म्हणजे प्ले स्टोअरमध्येच खर्चता येणारी रक्कम. ते बँकेत येत नाही आणि वर्षभरात संपतं. बंटीला गेम आणि अ‍ॅप विकत घ्यायला ते चालतं, तात्याच्या लेखी ते पैसेच नव्हेत. परदेशी पॅनेल बहुधा पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवर डॉलर देतात. त्याला पॅन आणि बँक खातं लागतं, नाव दोन्हीकडे तंतोतंत जुळावं लागतं, आणि रुपये करताना दरात थोडं कापलं जातं. पेपालनं भारतातल्या भारतात पैसे देणं 1 एप्रिल 2021 पासून बंद केलं, त्यामुळे इथल्या पॅनेलकडून पेपालवर पैसे येत नाहीत, बरेचदा व्हाउचर वगैरे मिळतं. मिळालेली रक्कम इतर स्रोतांच्या उत्पन्नात दाखवायची, हे नानानं दोनदा सांगितलं.

गोट्याला त्यानं काम लावून दिलं : सर्व्हेसाठी वेगळा ईमेल, फक्त दोन पॅनेल, प्रोफाइल पूर्ण आणि खरं. वहीत चार रकाने : सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, मिळालेले रुपये, आणि बाद झालो तर कुठल्या प्रश्नावर. तक्त्याचे प्रश्न मोबाईलवर चुकतात, म्हणून ते सर्व्हे कॉम्प्युटरवर. पैसे काढण्याची किमान रक्कम झाली की साठवत न बसता लगेच काढायचे. खातं न वापरल्यानं पॉइंट बुडतात, आणि पॅनेल खरंच पैसे देतं की नाही हे पहिल्याच रकमेला कळतं.

तीस दिवसांनी वही कट्ट्यावर आणायची आहे.