कुत्र्याच्या लुतीवर जळके ऑइल : एका संदेशाचा प्रतिवाद

यावल-रावेरच्या केळीबागांपासून शिरपूर-शहाद्याच्या मळ्यांपर्यंत सध्या एक संदेश मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचा आशय असा : कुत्र्याला लूत लागली तर दवाखान्यात पैसे घालवू नयेत, ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलात गंधक कालवून ते अंगभर चोपडावे, तेवढ्याने भागले नाही तर मेडिकलमधली खाजेची ट्यूब लावावी, गुरांचे आयव्हरमेक्टिन या जंत-किडींवरच्या औषधाचे इंजेक्शन टोचावे, आणि तरीही खाज राहिल्यास फवारणीचे औषध पाण्यात टाकून आंघोळ घालावी. हा रोग कुत्र्याचाच असल्याने माणसाला त्याची बाधा होत नाही, असेही त्यात शेवटी सांगितले आहे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. रात्रभर अंग खाजवून रक्तबंबाळ झालेले खळ्यातले कुत्रे ज्याने पाहिले आहे, तो मिळेल तो उपाय करून पाहणारच. म्हणूनच यातला प्रत्येक सल्ला तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

मूळ चूक पहिल्याच शब्दात आहे. आपण ज्याला सरसकट ‘लूत’ म्हणतो, तो एक रोग नाही. सारकॉप्टिस नावाची कीड कातडीत बोगदे करून राहते; तिची खाज भयंकर असते आणि सुरुवात बहुधा कानांच्या कडा, कोपर आणि पोटापासून होते. डेमोडेक्स ही दुसरी कीड केसांच्या मुळाशी असते. ती पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून मिळते आणि निरोगी कुत्र्यातही थोड्या संख्येने असतेच, पण प्रतिकारशक्ती ढासळली की बेसुमार वाढते. गजकर्ण ही बुरशी आहे. पू भरलेले फोड जिवाणूंमुळे येतात, आणि त्यांच्या मागेही पुष्कळदा पिसवांची ॲलर्जी दडलेली असते. या सगळ्यांत केस झडतात आणि कातडी लाल होते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. पशुवैद्य कातडी हलकेच खरवडून तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काही मिनिटांच्या या तपासणीवर पुढचा सगळा उपचार अवलंबून असतो, आणि संदेशात नेमका तिचाच उल्लेख नाही.

आता जळक्या ऑइलाविषयी. गंधकात तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. चुना आणि गंधक यांपासून केलेले द्रावण मोजून पातळ करून कीड आणि बुरशी या दोहोंवर पशुवैद्यकात वापरले जाते. परंतु त्यावरून इंजिनातून काढलेले काळे ऑइल औषध ठरत नाही. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि ज्वलनातून तयार झालेली घातक संयुगे असतात. माणसाच्या कातडीच्या वरच्या थरात पेशींचे साधारण १० ते १५ पदर असतात, तर कुत्र्याच्या कातडीत जेमतेम ३ ते ५. त्यात ती खाजवून सोललेली असेल तर असे ऑइल थेट उघड्या जखमेवर जाते. शिवाय कुत्रे अंग चाटणारच. चाटलेले ऑइल पोटात जाते, आणि उलटी होताना त्याचा अंश फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया होऊ शकतो. आपल्याकडे जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात काळ्या ऑइलाने केस चिकटलेल्या जनावराचे किती हाल होत असतील, याचा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

यावर ‘आमचे कुत्रे ऑइलानेच बरे झाले’ असे सांगणारे भेटतात, आणि ते खोटे बोलत नसतात. पिल्लांच्या तोंडावर किंवा पायांवर डेमोडेक्सचे एक-दोन चट्टे येतात, तेव्हा ते बहुतेक वेळा सहा-आठ आठवड्यांत काहीही न लावता आपोआप भरून येतात. त्या काळात जे लावले असेल, त्याला श्रेय मिळते.

खाजेच्या ट्यूबचा सल्ला वरवर सौम्य वाटतो. या ट्यूबमध्ये बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि मालकाला समाधान वाटते; पण स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबत असल्यामुळे डेमोडेक्स आणि गजकर्ण आतल्या आत पसरत राहतात, आणि पुढे निदानही अवघड होते.

सर्वांत जास्त भीती मला इंजेक्शनची वाटते. आयव्हरमेक्टिन हे खरोखर मोठे औषध आहे. त्याच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि पशुवैद्य ते कुत्र्यांनाही देतात. प्रश्न मात्रेचा आहे. गुरांसाठीच्या १ टक्का द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. शेकडो किलो वजनाच्या बैलाला काही मिलिलिटर लागते. दहा किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र मिलिलिटरच्या काही दशांशांचाच हिशेब असतो, आणि गोठ्यातल्या मोठ्या सिरिंजने तो अंदाजे साधत नाही. त्यातच कोली या मेंढपाळ कुत्र्यासारख्या कुत्र्यांच्या काही जातींमध्ये, औषधाला मेंदूत जाण्यापासून रोखणाऱ्या एमडीआर-१ या जनुकात दोष असतो. त्यामुळे औषध मेंदूत शिरते आणि अंग थरथरणे, अंधत्व, बेशुद्धी अशी लक्षणे उद्भवतात. संकरित कुत्र्यात हा दोष आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. या विषबाधेवर खास उतारा नाही. २०१४ नंतर फ्लुरालेनर या कीडनाशक औषधाच्या गटातल्या, तोंडावाटे देण्याच्या गोळ्या आल्याने कीड मारणे पुष्कळ सोपे झाले आहे. पण त्याही वजन पाहून, आणि कुत्र्याला फिट येत असल्यास ते सांगूनच घ्यायच्या असतात.

फवारणीच्या औषधाविषयी थोडक्यात लिहितो. कपाशीवर मारली जाणारी अनेक कीटकनाशके ऑर्गॅनोफॉस्फेट या विषारी रसायनांच्या गटातली आहेत. ती कातडीतूनही शरीरात जातात. तोंडाला लाळ सुटते, स्नायू उडू लागतात, श्वास कोंडतो. असे औषध कुत्र्याच्या अंगावर कोणत्याही प्रमाणात घालू नये.

माणसाला बाधा होत नाही, हे विधानही चूक आहे. सारकॉप्टिसची कीड कुत्र्याला कुशीत घेणाऱ्या मुलाच्या हातापोटावर खाजरे पुरळ आणते. माणसावर ती फार काळ टिकत नाही, परंतु कुत्रे बरे होईपर्यंत त्रास पुन्हा पुन्हा होतो. गजकर्ण तर घरभर पसरतो.

घरी करण्यासारखे काहीच नाही, असे मी म्हणत नाही. निदान झाल्यावर पशुवैद्यांनी सांगितलेला क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू अंगावर दहा मिनिटे राहू देऊन मग धुणे, अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकणे, चाटू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालणे, आणि केस उगवू लागले तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध न थांबवणे, ही कामे घरच्यांनीच करायची असतात. हळद-कडुनिंबाने कातडीखालची कीड मरत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

हे वाचण्यापूर्वीच कुणी ऑइल लावले असेल, तर ते काढण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नये. हातमोजे घालून, भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाने आणि कोमट पाण्याने ते दोन-तीनदा धुऊन काढावे, कुत्र्याला अंग चाटू देऊ नये, आणि त्याने ते आधीच चाटले असल्यास मीठपाणी पाजून उलटी न करवता त्याच दिवशी त्याला पशुवैद्यांकडे न्यावे.