ढेपीची जाहिरात अन् काकांचा बैल

गावात मी नेमकं काय काम करतो हे आजवर कोणालाच नीट कळलेलं नाही. आई सांगते 'कंपुटरवर हाय', बाबा सांगतात 'नागपूरले हाय', आणि बाबांच्या दृष्टीनं नागपूरला असणं हाच एक पूर्णवेळ धंदा आहे. खरं म्हणजे मी सोशल मीडियावर जाहिराती चालवतो. रात्री झोपायच्या आधी तुम्ही शेवटचं एकदा मोबाईल बघता आणि तिथं नेमकी गादीची जाहिरात येते ना, तो मीच. शिव्या द्या, सवय आहे.

यंदा पोळ्याला घरी गेलो, म्हणजे आमचं गाव दारव्ह्याकडून आत, बॅग अजून खांद्यावरच होती तर काकांनी ओट्यावरच गाठलं. काकांनी बसस्टॉपजवळ सरकी ढेपीचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं, दुकान टाकलंय. त्याची जाहिरात आधी त्यांनी शाळेसमोरच्या भिंतीवर पेंटरकडून चांगली रंगवून घेतली होती, पण भिंतवाल्यानं पोळ्यासाठी चुना मारला, त्याचा डबा अर्ध्यातच संपला आणि ढेप गेली, दुकान गेलं, फक्त मोबाईल नंबर उरला. तेव्हापासून काकांना फोन येतात, 'हा नंबर कायचा हाय?'

"बावा, तू थे फेसबुकवर टाक ना आपलं. किती लागते?"

"पाचशेतही होतं काका."

"पाचशे!" काका एवढ्या आनंदानं ओरडले की मला लगेच कळलं, हे पाचशे माझेच जाणार.

आता आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलं तर. तिथं बसून, जाहिरात कुठं दिसावी ते ठरवायला, मोबाईलच्या नकाशात बसस्टॉपवर पिन टाकली आणि भोवती पाच किलोमीटरचा गोल काढला. त्या गोलात अर्धं सोयाबीन, बाकी पऱ्हाटी म्हणजे कपाशी, एक नाला, थोडं जंगल आणि उरलेल्या जागेत माणसं. रोही आणि रानडुकरं ढेप विकत घेत असती तर काका महिन्याभरात दुसरं दुकान टाकते. गोल वाढवला तर दिग्रसपर्यंत जातो, आणि ढेपीच्या एका पोत्यासाठी दिग्रसचा माणूस आमच्या रस्त्यावरून येईल एवढं वाईट त्याचं नशीब नसावं.

काका शेजारी बसलेले. म्हणाले, "पन हे दिसते कोनाले, अन् ठरवते कोन?" मी म्हटलं लिलाव असतो काका, प्रत्येक वेळी मोबाईल उघडला की त्या एका जागेसाठी लिलाव, आणि नुसता जास्त पैसे बोलणारा जिंकत नाही, बघणारा माणूस त्यावर काही करेल का आणि जाहिरात बरी आहे का हेही मोजतात. काका एक मिनिट गप्प. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी दोन बोटं दाबली. "असं?" बैलबाजारात दलाल दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव करतात, बाजूच्याला कळत नाही कितीचा सौदा झाला. मी म्हटलं हो, असंच, फक्त बोटं कोणाची ते दिसत नाही. नागपूरला नवीन पोरांना हे समजवायला मी पीपीटीच्या बावीस स्लाईड वापरतो.

तेवढ्यात खालून आईचा आवाज. तिची वेगळीच तक्रार होती. "काल मी तुह्या मोठ्याईले म्हटलं गुडघा दुखून राह्यला, तं आज मोबाईलमंधी गुडघ्याचं तेल! हा ऐकते रे, मेला." हा प्रश्न मला दर लग्नात, दर तेरवीत विचारतात. मी खाली उतरून तिला समजावत बसलो, आई तो ऐकत नाही, त्याला ऐकायची गरजच नाही, तू गुडघ्याच्या व्यायामाचा व्हिडिओ पूर्ण बघितला असशील, तुझं वय त्याला माहीत आहे. आणि २०१२ पासून फेसबुकवर दुकानदाराला आपल्या गिऱ्हाइकांची फोन नंबरची यादी चढवता येते, ती माणसं तिकडे जुळवून काढतात, आणि पुढच्याच वर्षी त्याच्यावर कडी म्हणजे त्या यादीतल्या माणसांसारखीच दुसरी माणसं शोधून द्यायची सोय आली. म्हणजे तुझ्यासारख्या लाखो बाया तो शोधून काढतो!

आईनं कणकेचा हात थांबवला. "माह्यासारख्या लाखो? मंग त्यातली एक सून करून आन ना बाप्पा. दोन वर्सं झाले आमी स्थळं पाहून राह्यलो."

यापुढे तंत्रज्ञान थांबतं. आणि गंमत बघा, माझ्या मोबाईलवर एकही स्थळाची जाहिरात येत नाही, येतात त्या केस गळतीच्या. मशीनला नेमकी अडचण कळलीय असं दिसतं.

असो. ढेप. आता ढेपीचा फोटो काढायचा म्हणजे काय काढायचं हो? मातकट पोतं, त्यात मातकट तुकडे. मी दहा फोटो काढले, दहाही एकच. मग संध्याकाळी खांदमळणी होती. चांद्या आणि सोन्या, काकांची बैलजोडी, दोघांच्या खांद्याला काकू हळद-लोणी चोळत होती, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणत होती, आणि चांद्या घमेल्यात तोंड घालून ढेप खाता खाता अचानक मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघायला लागला. मागे मावळतीचं ऊन. नाकाला ढेपीचा भुगा. मी पंधरा वर्षं मॉडेल बघतोय, असा एक्स्प्रेशन नाही बघितला. फोटो टाकला, खाली लिहिलं 'चांद्या खातो तीच ढेप', आणि पुढचं बटण दाबणार तोच लाईट गेली, मोबाईल सहा टक्क्यांवर, घाईघाईत मी उद्देश म्हणून 'मेसेज'च्या ऐवजी 'एंगेजमेंट' निवडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही चूक म्हणजे हॉटेलात जाऊन 'भूक लागली' म्हणायच्या ऐवजी 'टाळ्या वाजवा' म्हणण्यासारखी आहे. तुम्ही मेसेज मागितले तर मशीन मेसेज करणारी माणसं शोधते, लाईक मागितले तर लाईक करणारी. आणि ती माणसं लाईकच करतात. माझ्या हाताखालच्या पोरानं हे केलं असतं तर मी त्याला अर्धा तास झाडलं असतं.

पोळ्याच्या दुपारपर्यंत चारशेवर लाईक. ढेपीबद्दल एकही शब्द नाही. 'कितीले देता?' 'दाती कसा हाय?' 'जोडी हाय का एकटा?' एकानं सुरतवरून 'नाईस काऊ' लिहिलं, त्यावर तीन जण त्याच्याशी भांडले. गावातली माणसं मोजकी असल्यानं त्यांनाच परत परत दिसत होतं. तोरणाखाली जोड्या उभ्या, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी सुरू, आणि समोरच्या घरचे बुवा माझ्या कानात, "सकाळपासून मोबाईल उघडला का तुह्या काकाचा बैल! मले कायले दाखवते, मी तं थ्याले रोज पायतो." त्यांच्या ओट्यावरून काकांचं दुकान दिसतं. तरी त्यांनी रात्री 'पत्ता पाठवा' अशी कमेंट केलीच होती, का तर सगळे करत होते.

काका मात्र फुगले होते. बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला प्रत्येक दारी चांद्याला नेताना सांगायचे, "ओयखलं का? मोबाईलवाला."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पुसदकडून दोघं जण मोटरसायकलवर आले, थेट गोठ्यात. एकानं चांद्याचं तोंड उघडून दात बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि काही न बोलता दुपट्टा पुढे केला. काकांनी हात मागे घेतला. "विकाचा नाही. पन पायून घ्या, काय हरकत नाही." दोनदा चहा झाला. निघता निघता तो माणूस चांद्याकडे वळून म्हणाला, "अंग कसं धरलं लेकाच्यानं! खाते तरी काय हा?"

काका माझ्याकडे बघायला लागले, मी काकांकडे.

दोन पोती गेली, एक टाकीवर, एक मागच्याच्या मांडीवर. पैसे सोयाबीन निघाल्यावर. आमच्या जाहिरातीच्या धंद्यात जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत खरेदी झाली तरच ती साधारण जाहिरातीच्या खात्यात धरतात, आणि सोयाबीन निघायला अजून महिना-दीड महिना. गच्चीवर टाकीला पाठ लावून मी रिपोर्ट उघडून बसलो तर विक्री शून्य.

खालून काका ओरडले, "बावा, पुढच्या डावी सोन्याचा फोटू टाकजो. थो कालपासून ढेपीले तोंड नाही लावून राह्यला!"